आकडा दाखवता, तर त्याचा अर्थही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत आरोग्य-तंत्रज्ञानातल्या नव्या कंपन्यांवरचा लेख वाचला. यंत्रं कशी बनतात, पैसा कुठून येतो, पुढे काय होणार हे सगळं त्यात छान आलंय, पण या कंपन्या लोकांना जे वाचायला देतात, म्हणजे ॲपमध्ये, वेबसाइटवर, ईमेलमधून जे लेख सतत येत असतात, त्यांच्याबद्दल एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र. मी याच कामात आहे, अशा कंपन्यांसाठी आरोग्याच्या मजकुराचं नियोजन आणि संपादन करते, आणि माझं स्पष्ट मत आहे की घरी वापरायच्या यंत्राबरोबर येणारा मजकूर हा त्या यंत्राचाच भाग आहे. माणूस रात्री उशिरा बीपी मोजतो, आकडा जास्त येतो, शेजारी डॉक्टर नसतो, नर्स नसते, असतो फक्त तो आकडा आणि कंपनीने त्याबद्दल जे काही लिहून ठेवलंय ते. ते चुकीचं असेल किंवा मुळात लिहिलेलंच नसेल, तर यंत्र कितीही भारी असू दे, त्या घडीला त्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही.

आता नियोजन बहुतेक ठिकाणी कसं होतं ते सांगते. मार्केटिंगची एक शीट असते, तिच्यात महिन्यांचे रकाने, लोक सर्चमध्ये जास्त काय टाकतात त्या शब्दांची यादी, आणि वर्षातले ठरलेले दिवस, ७ एप्रिलचा जागतिक आरोग्य दिन, २९ सप्टेंबरचा हृदय दिन, १४ नोव्हेंबरचा मधुमेह दिन. मग त्या रकान्यांत विषय भरायचे, झोपेचे फायदे, ताण कमी करायचे उपाय, निरोगी हृदयासाठी सवयी. यात खोटं काही नसतं, पण हे सगळं आधीच हजार ठिकाणी लिहिलेलं आहे आणि मोठ्या हॉस्पिटलांनी, सरकारी आरोग्य संस्थांनी ते कितीतरी चांगलं लिहून ठेवलंय, छोटी नवी कंपनी त्यात भर काय घालणार? तिच्याकडे मात्र एक गोष्ट अशी असते जी त्या मोठ्या संस्थांकडे नसते. तिचं यंत्र हातात घेतलेली माणसं रोज तिच्या सपोर्ट टीमला फोन करतात, चॅटवर विचारतात, रिव्ह्यूमध्ये लिहितात. लागोपाठ दोनदा मोजलं तर दोन वेगळे आकडे का येतात, डाव्या हाताला एक आणि उजव्याला दुसरं, खरं कुठलं धरायचं, रात्री दंडावरच्या सेन्सरने शुगर ५५ दाखवली म्हणून घाबरून उठलो आणि बोटातून तपासली तर ९५ निघाली, मग सेन्सर बिघडलाय का. हे प्रश्न हीच लेखांची खरी यादी. नियोजनाच्या मीटिंगमध्ये सपोर्ट टीमचा माणूस नसेल तर ती मीटिंग घेऊच नये असं मी प्रत्येक कंपनीला सांगते, आणि बहुतेक ठिकाणी त्या टीमला आजवर कोणी विचारलेलंच नसतं.

यातला एकच प्रश्न घ्या, दोन वेगळे आकडे का येतात. याचं उत्तर नीट लिहायला बसलं की त्यातून चार-पाच लेख निघतात आणि एकही लेख पोकळ होत नाही. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, हात हृदयाच्या उंचीला टेबलावर टेकवलेला, लघवी रोखून धरलेली नको, आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी, सिगरेट, व्यायाम नको, मोजताना बोलायचं नाही, पट्टा कपड्यावरून नाही तर उघड्या दंडावर बांधायचा, आणि एक मिनिटाच्या अंतराने निदान दोन रीडिंग घ्यायची. आता हे सगळं यंत्राच्या डब्यातल्या कागदावर बारीक अक्षरात असतंच, पण तो कागद कोणी वाचत नाही आणि वाचला तरी प्रत्येक गोष्ट का करायची ते त्यात नसतं. का ते कळलं की माणूस करतो, हा माझा अनुभव आहे. हात खाली लोंबत ठेवला तर आकडा जास्त येतो कारण हृदयापासून खाली असलेल्या रक्ताच्या स्तंभाचं वजन त्यात मिळतं, एवढं एक वाक्य लिहिलं की हात टेबलावर येतो.

दंडाच्या पट्ट्याचं तर विचारूच नका. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात असं दिसलं की ज्यांच्या दंडाला एक्स्ट्रा लार्ज पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा बांधून मोजलं तर वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त येतो. म्हणजे ज्याचं बीपी खरं १२५ आहे त्याला १४४-१४५ दिसणार, तो घाबरणार, कदाचित नको असलेलं औषधही सुरू होणार. दंडाचा घेर कसा मोजायचा आणि त्याप्रमाणे कुठला पट्टा घ्यायचा हा लेख म्हणूनच खरेदीच्या आधी माणसासमोर यायला हवा, खरेदीच्या पानावर, बटणाच्या शेजारी. मार्केटिंगवाले यावर म्हणतात की यामुळे खरेदी करायला आलेला माणूस अडखळेल. अडखळू दे ना, चुकीच्या मापाचा पट्टा घेऊन गेलेला माणूस आठ दिवसांत यंत्र परत पाठवतो किंवा त्याहून वाईट म्हणजे पाठवत नाही आणि त्याच चुकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवून बसतो.

नियोजनात दुसरी गोष्ट वेळेची, आणि वेळ म्हणजे आपली पोस्ट मंगळवारी सकाळी टाकायची की गुरुवारी ती वेळ नाही. वाचणारा माणूस कुठल्या टप्प्यावर आहे ती वेळ. विकत घ्यायच्या आधी त्याला जाणून घ्यायचं असतं की हे मला लागतं का, यातून काय कळेल आणि काय कळणार नाही. पहिल्या आठवड्यात त्याला फक्त बरोबर कसं वापरायचं ते हवं असतं, तेव्हा त्याला हृदयविकाराच्या इतिहासावरचा लेख पाठवून काय उपयोग? मग एक दिवस पहिला विचित्र आकडा येतो, आणि हा सगळ्यात नाजूक क्षण, इथे लेख लांबलचक नको, पहिल्या तीन ओळींतच सांगितलं पाहिजे की कुठल्या लक्षणांबरोबर हा आकडा आला तर वाचत बसू नका, ताबडतोब तातडीची मदत बोलवा. बीपी १८०/१२० च्या वर आहे आणि छातीत दुखतंय, धाप लागतेय, एका बाजूला बधिरपणा किंवा अशक्तपणा आहे, बोलणं अडखळतंय, नीट दिसत नाहीये, तर फोन उचलायचा. यातलं काहीच नसेल तर शांत बसून थोड्या वेळाने पुन्हा मोजा, तरीही तसाच राहिला तर डॉक्टरांना लगेच कळवा. हे सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, आणि बाकीचं स्पष्टीकरण खाली. मी कितीतरी लेख असे पाहिलेत की ज्यांत ही ओळ शेवटून दुसऱ्या परिच्छेदात सापडते, प्रस्तावना आणि यंत्राची जाहिरात झाल्यावर. आणि काही महिन्यांनी जेव्हा माणूस यंत्र ड्रॉवरमध्ये टाकून देतो, तेव्हाचा लेख तर कोणी लिहितच नाही, की बाबा रोज मोजायची गरज नाही, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच मोजा, भेटीच्या आधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून ते आकडे घेऊन जा, म्हणजे डॉक्टरांना दोन मिनिटांत समजतील. कंपनीला वाटतं की वापर कमी करायला सांगणं म्हणजे धंद्याचं नुकसान, मला वाटतं की यातूनच यंत्र ड्रॉवरच्या बाहेर राहतं.

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. आपल्या यंत्राला काय जमत नाही, यावर प्रत्येक कंपनीने एक स्वतंत्र, सविस्तर, सहज सापडेल असा लेख लिहिलाच पाहिजे आणि तो वर्षाच्या नियोजनात पहिला असला पाहिजे. घड्याळांचं उदाहरण घेते. मनगटावरच्या घड्याळातून हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता ओळखण्यावर ॲपलने स्टॅनफर्डबरोबर एक मोठा अभ्यास केला, २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला, ४ लाख १९ हजारांच्या वर माणसं त्यात होती. त्यातल्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे २,१६१ जणांना ठोके अनियमित असल्याची सूचना आली, आणि ज्यांनी नंतर छातीवर लावायचा ईसीजी पॅच लावून परत पाठवला अशा ४५० जणांपैकी ३४ टक्क्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित पडण्याचा हृदयाचा आजार, सापडला. हे वाचून एकजण म्हणेल ३४ टक्केच, म्हणजे घड्याळ खोटं बोलतं, पण तसं नाहीये, हा त्रास येतो-जातो आणि पॅच काही दिवसांनी लागला होता, त्यामुळे तेव्हा दिसला नाही म्हणून आधी नव्हताच असं म्हणता येत नाही. दुसरा म्हणेल घड्याळाने मला काहीच सांगितलं नाही म्हणजे माझं हृदय ठणठणीत, आणि हे जास्त धोक्याचं आहे कारण ते घड्याळ हार्ट अटॅक ओळखत नाही, कंपनी स्वतः तसं सांगते. हे दोन्ही गैरसमज दूर करणारं लिखाण करायला हृदयरोगतज्ज्ञ, यंत्र बनवणारा इंजिनियर आणि साधं लिहिणारा माणूस असे तिघं एकत्र बसावे लागतात, एका दुपारचं काम नाही ते.

तसंच बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं. २०२० च्या डिसेंबरमध्ये एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलं की ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना, धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजन ८८ च्या खाली असल्याचं प्रमाण काळ्या रुग्णांमध्ये ११.७ टक्के होतं आणि गोऱ्या रुग्णांमध्ये ३.६ टक्के. म्हणजे गडद त्वचेवर यंत्र खरी कमतरता जास्त वेळा चुकवतं. औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२१ मध्ये यावर सूचना काढली, त्यात त्वचेचा रंग, जाडी, तापमान, नेलपॉलिश, तंबाखूचा वापर, रक्ताभिसरण कमी असणं या सगळ्याने रीडिंग बदलतं असं सांगितलंय. ही माहिती ऑक्सिमीटर विकणाऱ्या प्रत्येकाच्या लेखात पहिल्या पानावर पाहिजे की नको? आकडा ठीक दिसतोय पण ओठ निळसर पडलेत, धाप वाढतेय, तर आकड्याकडे बघू नका, माणसाकडे बघा, हे सांगायला कंपनीला कुठल्या कायद्याची वाट बघायची गरज नाही.

शुगरच्या सेन्सरबद्दल वर जो प्रश्न लिहिलाय त्याचं उत्तरही याच जातीचं. दंडावर लावायचा सेन्सर रक्तातली शुगर थेट मोजत नाही, तो त्वचेखाली पेशींच्या मधल्या द्रवातली मोजतो आणि ती रक्ताच्या काही मिनिटं मागे असते, जेवणानंतर किंवा व्यायामानंतर शुगर पटापट बदलत असते तेव्हा हा फरक जास्त दिसतो. शिवाय झोपेत त्याच कुशीवर वळलं आणि सेन्सर दाबला गेला की आकडा खोटाच खाली जातो. हे आधी माहीत असलेला माणूस मध्यरात्री उठून बोटातून तपासून बघतो आणि मग ठरवतो. माहीत नसलेला एकतर घाबरून गोड खातो किंवा दुसऱ्या दिवशी सेन्सरवरचा विश्वासच गमावून बसतो आणि मग खरा कमी आकडा आला तरी दुर्लक्ष करतो. आणि सुई न टोचता नुसत्या घड्याळातून किंवा अंगठीतून शुगर मोजतो म्हणणाऱ्यांबद्दल तर एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये साफ सांगितलं की असं एकही यंत्र त्यांनी मंजूर केलेलं नाही, वापरू नका. अशा वस्तूंची स्तुती करणारे लेख अजून जागोजागी दिसतात, आणि इन्शुलिन घेणाऱ्या माणसाने त्यावर विश्वास ठेवून डोस ठरवला तर काय होईल या विचाराने मला खरंच भीती वाटते.

घड्याळातल्या कॅलरींचंही तेच. स्टॅनफर्डच्या लोकांनी २०१७ मध्ये सात मनगटी यंत्रं तपासली, ठोके मोजण्यात सातपैकी सहा यंत्रांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती, पण जळालेल्या कॅलरींच्या बाबतीत सगळ्यात चांगलं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. म्हणजे एकाच यंत्रातला एक आकडा बऱ्यापैकी विश्वासाचा आणि शेजारचाच दुसरा जवळजवळ अंदाज, आणि स्क्रीनवर दोन्ही सारख्याच ठळक अक्षरात. हा फरक वाचकाला सांगायचं काम लेखाचंच.

आकडे कसे सांगायचे यावर थोडं लिहिते कारण इथे घाईने केलेल्या लिखाणाने किती नुकसान होतं याचं मोठं उदाहरण आहे. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच्या गोळ्यांपेक्षा दुप्पट होतो. दुप्पट म्हटल्यावर बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या. प्रत्यक्षात धोका ७,००० मध्ये एक होता तो ७,००० मध्ये दोन झाला होता, पण हे कोणी नीट सांगितलं नाही आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले, आणि गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षाही जास्त असतो. म्हणून माझा आग्रह असा की लेखात 'दुप्पट', 'निम्मा', '४० टक्क्यांनी कमी' असं काही आलं की त्याच वाक्यात किती माणसांपैकी किती हे आलंच पाहिजे, नाहीतर ते वाक्य छापायचं नाही. कंपनीला आपल्या फायद्याचे आकडे टक्क्यांत आणि तोट्याचे आकडे हजारात एक असे लिहायचा मोह होतो, तिथे संपादकाने पाय घट्ट रोवून उभं राहावं लागतं.

आणि जो आकडा सगळेच छापतात तो कुठून आला ते एकदा तरी बघावं. रोज दहा हजार पावलं, हे जवळजवळ प्रत्येक ॲपचं ठरलेलं लक्ष्य, त्याचा उगम जपानमध्ये १९६५ च्या सुमाराला विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्रात आहे, टोकियो ऑलिम्पिकनंतर चालण्याची हवा होती तेव्हा. कुठल्या वैद्यकीय चाचणीतून तो आकडा आला नव्हता. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १६,७०० स्त्रियांवरचा अभ्यास आला, त्यात दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि साधारण ७,५०० नंतर फायदा वाढायचा थांबला. गुडघेदुखी असलेल्या वयस्कर बाईला हा लेख वाचायला मिळाला तर ती चार हजारांवर समाधानाने चालेल, नाहीतर ॲपमधलं दहा हजारांचं वर्तुळ रोज अर्धवट बघून ती चालणंच सोडून देते. झोपेच्या आकड्यांचंही असंच होतं, २०१७ मध्ये डॉक्टरांनी ऑर्थोसोम्निया हे नाव दिलं ते याच त्रासाला, ट्रॅकरवरचा झोपेचा स्कोअर चांगला यावा या काळजीनेच झोप उडते त्याला. मनगटावरचं यंत्र मेंदूच्या लहरी मोजत नाही, हालचाल आणि ठोक्यांवरून झोपेचे टप्पे अंदाजाने सांगतं, झोपेच्या लॅबमध्ये डोक्याला तारा लावून जे मोजतात त्याच्याशी त्याची बरोबरी होत नाही, एवढं सांगितलं तरी कितीतरी लोकांच्या जिवाला शांतता मिळेल.

लिहितो कोण आणि तपासतो कोण हे लेखावर असायलाच हवं. 'तज्ज्ञांनी तपासलेलं' एवढं पुरत नाही, कुठल्या शाखेचा डॉक्टर, कंपनीचा नोकर आहे की बाहेरचा, त्याचे कंपनीत शेअर आहेत का, आणि तपासल्याची तारीख. तारीख का, तर वैद्यकीय मतं बदलतात. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी उच्च रक्तदाबाची रेघ १४०/९० वरून १३०/८० वर आणली, युरोपातल्या संघटनांनी मात्र निदानासाठी १४०/९० च ठेवली. आता लेखात नुसतं '१३५ म्हणजे हाय बीपी' लिहिलं तर ते कोणाच्या हिशोबाने? कुठल्या संघटनेच्या कुठल्या वर्षाच्या मार्गदर्शक सूचना धरल्यात ते लिहा, आणि वर्षाच्या नियोजनात नव्या लेखांइतकीच जागा जुने लेख पुन्हा तपासायला ठेवा. हे काम कोणालाच आवडत नाही कारण त्यात नवं काही दिसत नाही. पण जुना लेखच सर्चमध्ये वर येत राहतो आणि जास्तीत जास्त लोक तोच वाचतात. गुगलसुद्धा सर्चचे निकाल तपासणाऱ्या आपल्या माणसांना आरोग्याच्या पानांसाठी जास्त कडक कसोटी लावायला सांगतं, त्यामुळे ज्यांना फक्त सर्चमध्ये वर यायचंय त्यांनाही हे टाळता येण्यासारखं नाही. हल्ली कंपन्या एआयकडून पन्नास लेख एका दिवसात लिहून घेतात, मसुद्याला मदत म्हणून ठीक आहे, पण त्यातल्या प्रत्येक आकड्याचा मूळ स्रोत एखाद्या माणसाने उघडून वाचला नसेल तर तो लेख जाऊ देऊ नये.

दावे करताना तर हात आखडताच हवा. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, लुमॉसिटी या मेंदूच्या खेळांच्या ॲपशी २० लाख डॉलर्सवर तडजोड केली, कारण हे खेळ वयाबरोबर येणारा विसराळूपणा टाळतात असे दावे पुराव्याशिवाय केले होते. २०१८ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने नॅचरल सायकल्स या गर्भनिरोधक ॲपची 'अत्यंत अचूक' म्हणणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. हे लेख नव्हते, जाहिराती होत्या, असं मला मीटिंगमध्ये सांगतात, पण वाचणाऱ्याला त्यातला फरक कळत नाही आणि कंपनीचा लेखही शेवटी कंपनीचंच बोलणं असतं. आपल्या यंत्रावर चाचणी झाली असेल तर किती लोकांवर, किती वयाच्या, आजारी की निरोगी, पैसे कोणी दिले हे लिहा, आणि झालीच नसेल तर तेही लिहा. नियामकाकडून परवानगी मिळाली असेल तर नेमकी कशासाठी मिळाली ते लिहा, कारण एका घड्याळातल्या एका सुविधेला परवानगी असते आणि लेख असे लिहिले जातात की जणू पूर्ण घड्याळालाच आहे.

एक गोष्ट नियोजनाच्या शीटमध्ये कधीच नसते, ती म्हणजे वाचणाऱ्याची खासगी माहिती. एखाद्याने कंपनीच्या ॲपमध्ये नैराश्यावरचा लेख तीनदा उघडला, किंवा गर्भपातानंतरच्या काळजीवरचा, तर ते वाचणं हीच त्याच्या आरोग्याची माहिती झाली. आणि त्याच पानावर जाहिरात कंपन्यांचे ट्रॅकर, म्हणजे कोण काय वाचतं ते त्या कंपन्यांना कळवणारे छुपे कोड, बसवलेले असतात. २०२३ मध्ये एफटीसीने औषधांच्या सवलतीचं गुडआरएक्स आणि ऑनलाइन समुपदेशनाचं बेटरहेल्प या दोघांवर याच कारणाने कारवाई केली, लोकांची आरोग्याची माहिती फेसबुकसारख्या जाहिरात कंपन्यांना दिली म्हणून, पहिल्याला १५ लाख डॉलर्स आणि दुसऱ्याला ७८ लाख डॉलर्स भरावे लागले. त्यामुळे आजारावरच्या लेखांच्या पानांवर ट्रॅकर नकोत, लेख वाचायला ईमेल आणि फोन नंबर मागणं नको, आणि 'तुम्ही हे वाचलंत म्हणून' असं म्हणून मागे लागणारे मेसेज नकोत. गरोदरपणाच्या ॲपमध्ये मूल गमावलेल्या बाईला पुढच्या आठवड्यात 'तुमचं बाळ आता एवढं मोठं झालं' असा लेख जाऊ नये, त्यासाठी हे सगळं बंद करायचं एक साधं बटण असावं आणि ते पहिल्याच पानावर सापडावं. हे तंत्राचं काम वाटलं तरी ठरवायचं मजकुराच्या नियोजनातच, कारण कुठला लेख कोणाला जाणार हे तिथेच ठरतं.

यश कशावर मोजायचं हा प्रश्न मालक लोक नेहमी विचारतात. किती जणांनी पान उघडलं, किती वेळ थांबले, हे आकडे आरोग्याच्या लेखाला लावू नका असं मी सांगते. छातीत दुखण्यावरचा लेख उघडून माणूस दहा सेकंदांत बाहेर पडला आणि त्याने तातडीच्या मदतीला फोन लावला तर तो लेख उत्तम. पट्टा चुकीचा बांधल्याच्या तक्रारी कमी झाल्या का, सपोर्टला तोच प्रश्न परत परत येतोय का, लोक लेख छापून डॉक्टरांकडे नेतात का, डॉक्टर त्याबद्दल काय म्हणतात, हे बघा. आणि प्रसिद्ध करायच्या आधी यंत्र कधीच न वापरलेल्या चार माणसांना लेख वाचायला द्या, मग त्यांना विचारा की आता तुम्ही काय कराल. 'समजला का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशन म्हणते की रुग्णांसाठीचं लिखाण सहावीतल्या मुलाला वाचता येईल एवढं सोपं असावं, शिकलेल्या माणसालाही घाबरलेला असताना तेवढंच झेपतं.

नव्या कंपनीकडे माणसं कमी, पैसा कमी, हे मला ठाऊक आहे. म्हणून महिन्याला वीस लेखांचा हट्ट सोडा, वर्षभरात दहा-बाराच लिहा पण ते सपोर्टला येणाऱ्या प्रश्नांवरचे, डॉक्टरांनी ओळ न् ओळ वाचलेले आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा उघडलेले असू द्या. त्यातला पहिला यंत्राला काय जमत नाही त्यावरचा, दुसरा तातडीच्या लक्षणांवरचा, आणि मग पुढचे.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणी आहे. आपल्या आरोग्य पुरवणीत अधूनमधून अशा कंपन्यांकडून आलेला मजकूर लेखाच्या रूपात येतो. तो जरूर छापा, त्यातलं काही खरंच उपयोगी असतं, पण लेखाच्या वरच, मथळ्याखाली, हा मजकूर कुठल्या कंपनीकडून आलाय, ती कंपनी काय विकते, कुठल्या शाखेच्या डॉक्टरने तो तपासला आणि कधी, हे छापाल का? आणि नंतर त्यातलं काही चुकीचं निघालं तर दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकारात द्याल का? आपण हा नियम लावलात तर कंपन्यांनाही तो पाळावा लागेल, कारण आपल्या पानावर यायची त्यांना गरज आहे.

कळावे,
आरोग्यविषयक मजकुराचं संपादन करणारी आपली एक वाचक